तळ्याकाठची शाळा

(गावच्या पालकसभेत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



मला आज चार शब्द बोलायला सांगितले आहे. विषय तसा लहान आहे. पण घराघरांत त्यावरून कुरबूर चालली आहे. शाळेतली मुले तळ्यावर न्यावीत की नेऊ नयेत, हा तो विषय.

गेल्या सोमवारी एक माउली मला पाराजवळ भेटली. ती म्हणाली, "गुरुजी, पोरगं शाळेत शिकायला धाडलंय. चिखलात किडे धरायला नाही. आणि बुडलं-बिडलं तर कोण भरून देणार?"

मी रस्त्यात उत्तर दिले नाही. तिच्या बोलण्यात दोन प्रश्न होते. किडे पाहून मूल काय शिकणार, हा एक. मुलाच्या जिवाचे काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसरा तर फारच मोठा आहे. दोन्हींची उत्तरे आज सर्वांपुढे देतो. पटले तर हो म्हणा. नाही पटले तर तोंडावर सांगा. मला राग यायचा नाही.

तळे म्हणजे एक गाव

आपला पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातला. इथे बसलेल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी त्यावर पाट्या वाहिल्या. दुष्काळी कामावरची सुकडी खाल्ली. तेव्हा तिथे मातीचा बांध आणि उघडा खड्डा, एवढेच होते. आज तिथे बगळा आहे, खंड्या आहे, बेडूक आहेत, मासे आहेत, खेकडे आहेत. यांना आमंत्रण कोणी दिले? कोणीच नाही. काही उडत आले. काही ओढ्याच्या पुराबरोबर आले. काहींची अंडी तर सुक्या गाळात पावसाची वाट पाहत पडून राहतात. पाणी आले की फुटतात.

तर असे हे एक गावच आहे. गावात जशा आळ्या असतात, तशा तळ्यातही आहेत. कोणी पाण्याच्या वरच्या थरावर राहतो. कोणी मधल्या पाण्यात, वनस्पतींच्या दाटीत राहतो. कोणी तळाच्या गाळात राहतो. ज्याचा जसा धंदा, तसे त्याचे घर.

हे पुस्तकात छापलेले असते. मूल ते पाठही करते. पण पाठ केलेले परीक्षेनंतर विसरते. डोळ्यांनी पाहिलेले विसरत नाही.

ताटातले तळे

आता मुले तिथे काय करतात, ते सांगतो. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घ्यायचा. जाड तारेच्या कड्याला तो पिशवीसारखा शिवायचा. कड्याला वेताची किंवा बांबूची लांब काठी बांधायची. झाले जाळे. नाहीतर चहाची गाळणी काठीला बांधली तरी चालते. खर्च काही नाही.

मग एक पांढरे ताट किंवा पांढरी परात घ्यायची. तिच्यात तळ्याचेच पाणी चार बोटे भरायचे. नळाचे नाही. नळाच्या पाण्यात औषध असते, त्याने लहान जीव मरतात. काठाच्या गवतातून जाळे एकदा ओढायचे आणि ताटात पालथे करायचे. मग गप्प बसायचे.

पहिल्यांदा ताटात नुसता कचरा दिसतो. मुले म्हणतात, "काहीच नाही गुरुजी." थोडे थांबले की कचरा हलू लागतो. काडी चालू लागते. पान पोहू लागते. तेव्हा मुलांचे चेहरे पाहावेत!

त्या ताटात काय काय सापडते, त्यातले चार जीव तुम्हाला सांगतो.

पहिला पाणविंचू. त्याला लांब शेपटी असते. मुले घाबरतात. पण ती नांगी नव्हे. ती श्वास घेण्याची नळी आहे. तो पाण्यात दडून बसतो आणि नळीचे टोक वर काढून हवा घेतो. मात्र त्याला बोटाने धरू नये. तोंडाने तो चावा घेतो.

दुसरा एक चपटा, तपकिरी किडा. याच्या पाठीवर पुष्कळदा दाण्यांसारखी अंडी चिकटलेली असतात. तुम्हाला वाटेल, ही मादी. नाही! हा नर आहे. मादी त्याच्या पाठीवर अंडी घालते आणि निघून जाते. पिल्ले बाहेर येईपर्यंत बापच ती वागवतो. हे मी सांगितले तेव्हा मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्या मालकांना दाखवा हो तो किडा!" तर असे आहे. हा किडासुद्धा चावतो, आणि चांगला चावतो. म्हणून त्याला चमच्याने उचलावे.

तिसरे चतुराचे पिल्लू. चतुर तुम्हा सर्वांना माहीत आहे. लहानपणी त्याच्या शेपटीला दोरा बांधून आपण त्याला उडवले आहे. ते पाप आता मुलांना करू देऊ नका. हा चतुर पाण्यावर अंडी घालतो. पिल्लू कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने पाण्यातच राहते. दिसायला मळकट. पण त्याचा खालचा ओठ घडी करून ठेवलेल्या हातासारखा असतो. भक्ष्य जवळ आले की तो ओठ झटकन पुढे फेकतो आणि पकडतो. त्याचे भक्ष्य कोणते? डासाची अळी. मोठा झाल्यावर तोच चतुर हवेत उडणारे डास धरून खातो. म्हणजे जन्मभर तो आपली चाकरी करतो. पगार मागत नाही.

चौथा जीव फार बारीक. पांढऱ्या ठिपक्याएवढा. झटके देत पोहतो. भिंगातून पाहिले तर त्याला एकच डोळा दिसतो. ग्रीक लोकांच्या कथेत एका डोळ्याचा राक्षस आहे. त्याच्यावरून याला सायक्लॉप्स म्हणतात. या ठिपक्याने एके काळी आपल्या मुलखाला रडवले आहे. ते कसे, ते ऐका.

नारूची गोष्ट

तरुण मंडळींनी नारू पाहिलेला नाही. त्यांचे भाग्य. मी लहान असताना माझ्या चुलत्यांच्या पायाला नारू झाला होता. आधी घोट्याजवळ फोड आला. आग आग होई. फोड फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावू लागला. तो ओढला तर तुटतो आणि पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. हातभराहून लांब जंत! पेरणीचे दिवस होते. चुलते ओसरीवर पाय धरून बसले आणि रान पडीक राहिले. बायका म्हणत, देवीचा कोप झाला.

कोप कसला? आमची विहीर पायऱ्यांची होती. लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवत आणि घागर भरत. ज्याच्या पायात नारू असे, त्याच्या फोडातून नारूची बारीक पिल्ले पाण्यात पडत. ती हा ठिपका, म्हणजे सायक्लॉप्स, गिळत असे. ते पाणी आपण पीत असू. वर्षभराने आपल्या पायातून नारू निघत असे. असा तो फेरा होता.

हा फेरा तोडायला नारूवर कोणती लस सापडली नाही. फेरा तुटला तो कापडाने. पाणी दाट कापडातून गाळून प्या, नारूवाल्याने पाय पाण्यात घालू नये, पायविहिरी बंद करा किंवा त्यांना कठडे बांधा, हातपंप बसवा. सरकारने १९८३-८४ पासून गावोगाव हे काम केले. आपल्या देशातला शेवटचा नारूचा रोगी १९९६ च्या जुलैत राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

आता मला सांगा. जर माझ्या चुलत्यांना लहानपणी कोणी ताटात तो ठिपका दाखवला असता आणि त्याची गोष्ट सांगितली असती, तर त्यांनी पाणी गाळून प्यायले असते की नाही? ही विद्या पोटाची आहे, जिवाची आहे. ही नुसती गंमत नव्हे.

माझ्याच रांजणात

दुसरी गोष्ट फार जुनी नाही. मागच्या पावसाळ्यातली आहे. श्रावणात घरोघरी ताप आला. रक्त तपासले तेव्हा दोघांना डेंग्यू निघाला. त्यातले एक लेकरू तालुक्याच्या दवाखान्यात आठ दिवस सलाइनवर होते. इथेच सभा भरली. सगळे म्हणाले, तळ्यामुळे डास होतात. तळ्यात फवारणीचे औषध ओता. आणि खरे सांगतो, मीही मान डोलावली होती.

शाळेच्या बाई उठल्या. म्हणाल्या, "मला एक दिवस द्या. आधी मुलांना पाहू द्या."

दुसऱ्या दिवशी मुलांनी तळ्यात जाळी घातली. उघड्या पाण्यात डासांच्या अळ्या अगदी थोड्या निघाल्या. मासे होते, चतुराची पिल्ले होती, पाठीवर अंडी वागवणारे ते किडे होते. हे सगळे अळ्या खाणारे. हो, काठाला गुरांच्या खुरांचे जे खड्डे पडतात, त्यांतल्या साचलेल्या पाण्यात अळ्या होत्या. तिथे मासा पोहोचत नाही ना!

मग बाईंनी मुलांना गावात फिरवले. तीच गाळणी, तेच पांढरे ताट. मुले माझ्या घरी आली. मी ऐटीत म्हणालो, "पाहा, पाहा." न्हाणीजवळ माझा रांजण आहे. चौथीतली एक मुलगी त्यात वाकली आणि ओरडली, "गुरुजी, तुमच्या रांजणात लई वळवळतंय!"

मंडळी, मला धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. डासांपासून रोग होतात, हे वाक्य मी पस्तीस वर्षे फळ्यावर लिहिले. पण स्वतःच्या रांजणात कधी वाकून पाहिले नाही. तळ्याला दोष देत बसलो.

डेंग्यूचा डास तळ्यात वाढत नाही. त्याला घरातले साठवलेले पाणी आवडते. रांजण, पिंप, टाकी, फुटका टायर, करवंटी, कुंडीखालची बशी. तो चावतोही दिवसा. उलट मलेरियाचा डास खड्डे, डबकी, संथ झरे, गवताळ काठ अशा ठिकाणी होतो. दोघांच्या अळ्यांतही फरक आहे, आणि तो मुलाला ताटात दिसतो. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याच्या वरच्या थराला आडवी चिकटून राहते. डेंग्यूच्या डासाची अळी डोके खाली करून तिरपी लोंबकळते. हे आपल्या चौथीच्या मुलांना ओळखता येते. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात असतो, हे रोनाल्ड रॉस नावाच्या डॉक्टराने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला शोधून काढले. त्यानेही डबक्यातल्या अळ्या बरणीत वाढवूनच हे काम केले होते.

आपण त्या दिवशी तळ्यात औषध ओतले असते तर काय झाले असते? मासे मेले असते. चतुराची पिल्ले मेली असती. गुरांनी ते पाणी प्यायले असते. डास तर चार दिवसांत पुन्हा आले असते, कारण त्यांची वाढ झपाट्याने होते. त्यांना खाणारे मात्र लवकर परत आले नसते. आणि माझा रांजण तसाच वळवळत राहिला असता!

उन्हापावसाच्या दिवसांत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. सगळी भांडी रिकामी करायची. नुसती ओतायची नाहीत, आतून घासायची. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी ती महिनोन्‌महिने जगतात. ज्या टाक्या रिकाम्या करता येत नाहीत, त्यांना घट्ट झाकण लावा, नाहीतर आशाताईंना विचारून गप्पी मासे सोडा. पण ते टाकीतच. तळ्यात नकोत. तो परदेशातला मासा आहे, आणि आपल्या तळ्यात मूळचे मासे आहेत.

मेंढरे असतील त्यांच्यासाठी

आणखी एक गोष्ट मेंढरे-शेळ्या असणाऱ्यांसाठी सांगतो. तळ्याच्या काठच्या लहान गोगलगायी मुले गोळा करतात. काही जातींच्या गोगलगायींच्या अंगात एक चपटा, पानासारखा जंत लहानपणी वाढतो. तो बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतो. मेंढराने ते गवत खाल्ले की जंत काळजात जातो. मेंढरू खंगते. जबड्याखाली पाण्याची सूज येते. म्हणून अगदी दलदलीतल्या काठावर जनावरे चारू नयेत आणि पशुवैद्याकडून वेळेवर जंताचे औषध द्यावे. गोगलगाय ओळखणारे पोर घरात असेल, तर ते तुम्हाला कुरण दाखवील.

जिवाची काळजी

आता त्या माउलीचा दुसरा प्रश्न. मूल बुडले तर?

भीती खरी आहे. मी ती हसण्यावारी नेणार नाही. आपल्या तळ्यातला गाळ मशीनने काढला. शेतात टाकला, चांगले झाले. पण मशीनने तळाशी उभे खड्डे पाडले. वरून पाणी सारखे दिसते. एका पावलावर गुडघाभर, पुढच्या पावलावर पुरुषभर. म्हणून काही नियम आहेत. ते मोडले, तर मीच पहिल्यांदा म्हणेन, मुले पाठवू नका.

१. मुलांनी पाण्यात उतरायचे नाही. काठावर बसून लांब काठीच्या जाळ्यानेच काम करायचे.

२. जागा मोठ्या माणसाने आधी काठीने चाचपून ठरवायची. गाळ काढलेल्या बाजूला कोणी जायचे नाही.

३. पाच मुलांमागे एक मोठे माणूस हवे. त्यात पोहता येणारा एक तरी हवा. जवळ लांब दोर आणि रिकामा, बूच लावलेला डबा हवा.

४. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर मुलांनी कधीही जायचे नाही. त्याची बाजू साबणासारखी निसरडी असते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्यातून वर येता येत नाही.

५. पाय-हाताला जखम असेल त्याने पाण्याला शिवायचे नाही. काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवायचे.

६. साप दिसला तर मागे सरकायचे. दिवड बिनविषारी असतो, पण ओळखण्याची परीक्षा तिथे द्यायची नाही.

७. कासव धरायचे नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

आणि सगळ्यात शेवटचा नियम असा. पाहून झाले की प्रत्येक जीव जिथून घेतला, तिथेच परत सोडायचा. तोही तासाभराच्या आत. तोवर ताट सावलीत ठेवायचे. शिकारी किडा आणि बेडकाचे पिल्लू एका भांड्यात ठेवायचे नाही. मुलांना मी सांगतो, "पाहुणे म्हणून आणलेत, पाहुण्यासारखे पोचवा." कीटक मारून टाचणीला टोचायला आपली शाळा शिकवत नाही.

माउलींनो, एक विचार करा. आपण मुलाला तळ्यावर जाऊ देत नाही. पण ते जातेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपारी, कोणाला न सांगता, एकटे जाते. त्या वेळी त्याला खड्डा कुठे आहे हे कोण सांगणार? मोठ्या माणसाबरोबर गेलेल्या मुलाला पाण्याची ओळख होते. ज्याला ओळख असते, तो पाण्याशी मस्ती करत नाही.

माझे तीन मागणे

शेवटी तीन गोष्टी मागतो.

एक. फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या तळ्यात धुऊ नका. एका पंपाच्या धुण्याने काठची सगळी वस्ती मरते. कापूस, भाजीपाला करणाऱ्या सर्वांनी हे ध्यानात ठेवावे.

दोन. गुरांना पाणी पाजायला एकच बाजू ठरवा आणि तिथे दगड टाका. म्हणजे खुरांचे खड्डे पडणार नाहीत, डासही कमी होतील.

तीन. तुमच्यातल्या दोघा-चौघांनी मुलांबरोबर तळ्यावर या. रात्रीच्या वर्गात तुम्ही आता अक्षरे शिकला आहात. मुलांची एक वही आहे. तारीख, पाणी कसे होते, काय काय सापडले, ते तीत लिहायचे असते. ती तुम्ही लिहा. मूल सांगेल आणि आई लिहील. यापेक्षा चांगला धडा मला ठाऊक नाही.

त्या वहीचा उपयोगही आहे. तळाच्या गाळात नुसत्या लाल अळ्याच सापडू लागल्या आणि बाकीचे जीव दिसेनासे झाले, तर समजा की पाणी बिघडले. त्या लाल अळ्या हवा कमी असलेल्या घाण पाण्यातही तगतात, इतरांना ते जमत नाही. म्हणजे जनावर आजारी पडण्याआधी तळेच आपल्याला सांगेल. फक्त वाचणारे कोणी हवे.

काल संध्याकाळी ती पाराजवळची माउली पुन्हा भेटली. मी म्हणालो, "उद्या सभेला या." ती म्हणाली, "येते. पण पोराबरोबर तळ्यावर मीच जाणार. दोर माझ्या हातात राहील." मी म्हणालो, "माउली, मला तेच तर हवे आहे."

येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता शाळेपासून निघायचे आहे. ज्यांना यायचे त्यांनी पांढरे ताट बरोबर आणावे. आणि निघण्याआधी आपापल्या रांजणात एकदा वाकून पाहावे. मी रोज पाहतो.

इतके बोलून माझे चार शब्द पुरे करतो.